नानजिंगची तार: यातला ‘मी’ कोण?

या वेळच्या भागात एका तारेचा उल्लेख घाईघाईत आला आणि आम्ही पुढे गेलो. पण ती तार नीट उलगडून बघण्यासारखी आहे, म्हणून हा लेख. भाग ऐकला नसेल तरी काही बिघडत नाही, इथे सगळं पहिल्यापासून सांगतो. एक सूचना मात्र आधीच देतो: यात युद्धातल्या हिंसाचाराचे आणि बलात्काराचे उल्लेख आहेत.

तारीख १७ जानेवारी १९३८. टोकियोहून जपानचे परराष्ट्रमंत्री कोकी हिरोता यांच्या नावाने वॉशिंग्टनमधल्या जपानी वकिलातीला एक संदेश जातो. त्याचा आशय साधारण असा: काही दिवसांपूर्वी मी शांघायला परत आलो. नानजिंगमध्ये आणि इतरत्र जपानी सैन्याने केलेल्या अत्याचारांबद्दल जे कानावर येत होतं त्याची मी चौकशी केली. भरवशाच्या साक्षीदारांनी सांगितलेलं ऐकून आणि पत्रं वाचून माझी खात्री पटली. कमीत कमी तीन लाख चिनी नागरिक मारले गेले आहेत.

हा संदेश वाटेत अमेरिकेने पकडला. जपानच्या परराष्ट्र खात्याचे सांकेतिक संदेश त्या काळात अमेरिकन सैन्याची एक छोटी तुकडी नियमितपणे फोडत होती. ज्या जपानी यंत्राचं गुपित त्यांनी उलगडलं होतं, त्याला त्यांनी ‘रेड’ असं टोपणनाव दिलं होतं. पकडलेली प्रत गुप्त फायलींत गेली आणि थेट १९९४ साली लोकांसाठी खुली झाली.

आता ही तार तुम्हाला इंटरनेटवर भेटली तर बहुधा एका ठरावीक मथळ्याखाली भेटेल: ‘जपानच्या परराष्ट्रमंत्र्याने स्वतः तीन लाखांची कबुली दिली.’ वाचून अंगावर काटा येतो आणि आपण ती पुढे पाठवतो.

पण जरा थांबा आणि तारेतलं पहिलंच वाक्य पुन्हा वाचा. ‘मी शांघायला परत आलो.’ हिरोता तर टोकियोत होते. मग हा ‘मी’ कोण?

हा ‘मी’ म्हणजे हॅरॉल्ड टिम्परली. ऑस्ट्रेलियन माणूस, ‘मँचेस्टर गार्डियन’चा चीनमधला बातमीदार. त्याने आपल्या वृत्तपत्राला पाठवायला दिलेली बातमी शांघायच्या तारघरात बसलेल्या जपानी सेन्सॉरने १६ जानेवारीला अडवली. अडवलेला मजकूर जपानच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वॉशिंग्टनच्या लोकांना कळवला. आता बाहेर बोभाटा होणार, तर आपल्या माणसांना आधी माहीत असलेलं बरं, असा त्यामागचा साधा हिशोब दिसतो.

म्हणजे ज्या कागदावर हिरोतांचं नाव आहे, त्यातले शब्द एका पत्रकाराचे आहेत. मग हा कागद निरुपयोगी ठरला का? उलट, तो काय सिद्ध करतो ते आता नेमकं सांगता येतं. जानेवारीच्या मध्यापर्यंत टोकियोच्या परराष्ट्र खात्याला नानजिंगबद्दल काय बोललं जातंय ते तपशिलात माहीत होतं. ती माहिती जगापर्यंत पोचू नये म्हणून सेन्सॉर काम करत होता. आणि अमेरिकेच्या हातातही हा मजकूर होता. मृतांची मोजदाद मात्र ही तार करत नाही. तीन लाखांचा आकडा टिम्परलीने ऐकलेला आहे, आणि तारेतच ‘नानजिंग आणि इतरत्र’ असं म्हटलंय, त्यामुळे तो फक्त शहराचा म्हणून वापरता येत नाही.

एका तारेवर एवढा वेळ घालवण्याचं कारण पुढे येईलच. त्याआधी त्या शहरात जाऊ.

वकिलाती रिकाम्या होत्या

१९३७च्या जुलैमध्ये बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि चीन-जपान युद्ध पेटलं. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत शांघायमध्ये घनघोर लढाई झाली. तिथून जपानी सैन्य यांगत्से नदीच्या काठाने पश्चिमेला सरकलं, ते चीनच्या तेव्हाच्या राजधानीकडे, म्हणजे नानजिंगकडे. १३ डिसेंबर १९३७ला शहर पडलं. पुढचे सहा आठवडे तिथे जे घडलं, त्याला आज ‘नानजिंगचं हत्याकांड’ म्हणतात: शरण आलेल्या सैनिकांना आणि सैनिक असल्याच्या संशयावरून साध्या माणसांना रांगेत उभं करून ठार मारणं, हजारो स्त्रियांवर बलात्कार, घरोघरी लूट, जाळपोळ.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, दुर्दैवच. एखाद्या देशाच्या राजधानीत तर परदेशी वकिलातींची गर्दी असते. मग सगळ्यात भयंकर दिवसांत तिथे परदेशी मुत्सद्दी किती होते? जपानचे सोडले तर एकही नाही. चीन सरकार आधीच हानकौ आणि चोंगचिंगकडे हललं होतं, त्याच्या मागोमाग राजदूत गेले. उरलेले अमेरिकन वकिलातीचे लोक ‘पनाय’ या अमेरिकन गनबोटीवर बसून नदीत सुरक्षित अंतरावर गेले, आणि १२ डिसेंबरला जपानी विमानांनी ती बोटच बुडवली. युरोपियन आणि अमेरिकन बातमीदार शहर पडल्यावर दोन-तीन दिवसांत बाहेर पडले आणि पहिल्या बातम्या त्यांनीच दिल्या. त्यानंतर अमेरिकन अधिकारी परत आले ते ६ जानेवारीला, आणि जर्मन व ब्रिटिश ९ जानेवारीला.

म्हणजे १३ डिसेंबर ते ६ जानेवारी या काळाबद्दल परराष्ट्र खात्यांच्या फायलींत जे काही सापडतं, ते लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

ज्यांनी पाहिलं त्यांची पत्रं

पाहिलं कोणी? नानजिंगच्या रहिवाशांनी, अर्थातच. पण त्यांच्या हातात त्या वेळी टाइपरायटर नव्हता आणि तक्रार ऐकणारं सरकारही नव्हतं. दुसरी मंडळी म्हणजे शहरात मागे राहिलेले वीस-पंचवीस परदेशी: मिशनरी, प्राध्यापक, डॉक्टर, काही व्यापारी. त्यांनी शहराच्या पश्चिम भागात जेमतेम चार चौरस किलोमीटरचा एक ‘सुरक्षा विभाग’ आखला होता. त्या तुकड्यात दोन ते अडीच लाख लोकांनी आसरा घेतला. समितीचे अध्यक्ष होते जॉन राबे, सीमेन्स कंपनीचे नानजिंगमधले प्रतिनिधी आणि नाझी पक्षाचे सदस्य. हे दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं आहे. सचिव होते लुईस स्माइथ, नानजिंग विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे अमेरिकन.

१४ डिसेंबरला समितीने जपानी सेनापतीला पहिलं पत्र लिहिलं. त्यात तोफखान्याने सुरक्षा विभाग वाचवला याबद्दल चक्क आभार मानले आहेत. पुढच्या एक-दोन दिवसांतच पत्रांचा सूर पालटला. सैन्याच्या मागोमाग जपानी वकिलातीचे दोन-चार अधिकारी शहरात आले होते, त्यांच्याकडे ही पत्रं जवळपास रोज जाऊ लागली. सोबत प्रकरणांची यादी: क्रमांक, तारीख, जागा, काय घडलं. अमुक गल्लीत इतके सैनिक घुसले, इतक्या स्त्रियांना नेलं, इतकं अंथरूण-पांघरूण आणि पैसे उचलले. अशी ४००हून जास्त प्रकरणं नोंदवली गेली. १९३९ साली ही पत्रं शू शुशी यांनी पुस्तकरूपाने छापली.

ही यादी वाचताना दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे तिचा कोरडेपणा. स्माइथ आणि त्यांचे सहकारी मुद्दाम विशेषणं टाळून लिहीत होते, कारण समोरचा अधिकारी ‘अतिशयोक्ती आहे’ म्हणून पत्र बाजूला सारू शकला असता. दुसरी गोष्ट, बहुतेक प्रकरणांत बाईचं नाव नाही. वय असतं, ‘अमक्याची बायको’ असतं, कधी फक्त संख्या असते. काही ठिकाणी तिच्या सुरक्षेसाठी नाव टाळलं असणार. पण परिणाम असा की जिच्यावर गुदरलं ती कागदावर आली तीच मुळी एक आकडा होऊन.

आणि ही पत्रं ज्यांच्या हाती पडत होती, त्या जपानी मुत्सद्द्यांचं काय? ते पत्रं घेत, दिलगिरी दाखवत, आणि सैन्यापुढे त्यांचं काही चालत नसे. परदेशी लोकांच्या घरांवर चिकटवायला त्यांनी जपानी भाषेतली सूचनापत्रं दिली: इथे आत शिरू नका. सैनिकांनी ती फाडली किंवा दुर्लक्ष करून आत शिरले. पण हेच कागद टोकियोला पोचत होते. परराष्ट्र खात्यात पूर्व आशिया विभागाचे प्रमुख असलेले इतारो इशिई यांनी ६ जानेवारीला आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की शांघायहून पत्र आलं, त्यात नानजिंगमधल्या आपल्या सैन्याच्या लुटीचं आणि बलात्कारांचं भयानक वर्णन आहे, आणि आपली सेना अशी वागते का, असा उद्वेग त्यांनी व्यक्त केलाय. ज्या सरकारचा हा माणूस होता त्याच सरकारची ही आतली नोंद. म्हणून तिचं वजन टिम्परलीच्या तारेपेक्षा वेगळं आहे.

परत आलेले मुत्सद्दी आणि एक थप्पड

६ जानेवारीला जॉन ॲलिसन, जेम्स एस्पी आणि त्यांचा एक सहकारी अमेरिकन वकिलातीत परतले. एस्पी व्हाइस-कॉन्सल होते. त्यांनी लगेच शहरातल्या अमेरिकनांना विचारून-विचारून एक सविस्तर अहवाल तयार केला. सैनिक हजारोंच्या संख्येने शहरभर पसरले, कोणी अडवणारं नव्हतं, निःशस्त्र माणसांना मारलं, स्त्रियांना वस्तीतून शोधून काढलं, हे सगळं त्यात आहे. हा अहवाल पुढे टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात पुरावा म्हणून आला.

पण एस्पींच्या अहवालाचा मोठा भाग कशाबद्दल आहे माहितीये? अमेरिकन मालमत्तेबद्दल. कोणाच्या घराचं दार फोडलं, कुठला अमेरिकन झेंडा फाडला, कुठून मोटार नेली, कुठली तिजोरी फोडली. यात एस्पींचा दोष काढायचं कारण नाही, कॉन्सलचं ते कामच असतं. आपल्या देशाचे नागरिक आणि त्यांची मालमत्ता हा त्याचा अधिकार. चिनी माणसाचा जीव हा तांत्रिकदृष्ट्या त्याच्या टेबलावरचा विषयच नाही. त्यामुळे अशा फायलींत अनेकदा चिनी माणूस दिसतो तो अमेरिकन भिंतीच्या आत असेल तेव्हा. भिंतीबाहेरचा माणूस तेवढाच मेला, पण त्याच्या वाटेला अहवालातली ओळ आली नाही.

याचं सगळ्यात लख्ख उदाहरण म्हणजे ‘ॲलिसन प्रकरण’. अमेरिकन मालकीच्या जागेतून जपानी सैनिकांनी एका चिनी स्त्रीला उचलून नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला. २६ जानेवारीला ॲलिसन आणि विद्यापीठातले चार्ल्स रिग्ज याची चौकशी करायला गेले, तेव्हा एका जपानी सैनिकाने दोघांच्याही थोबाडीत मारली. अमेरिकन मुत्सद्द्याला थप्पड! जगभर बातम्या झाल्या, वॉशिंग्टनने निषेध केला, जपानने काही दिवसांत माफी मागितली. त्या बाईचं काय झालं, तिला न्याय मिळाला का, हा प्रश्न त्या वादात कुठल्या कुठे मागे पडला. इतिहासात हे प्रकरण ॲलिसनच्या नावाने ओळखलं जातं. ‘पनाय’ बोटीचंही तसंच. जपानने चार महिन्यांत २२ लाख डॉलर भरपाई दिली.

जर्मन बाजूने बोलायचं तर वकिलातीचे सचिव गेओर्ग रोझेन यांचे अहवाल बघा. जर्मनी आणि जपान यांच्यात १९३६पासून साम्यवादविरोधी करार होता, त्यामुळे बर्लिनला जपानबद्दल वाईट ऐकायची फारशी इच्छा नव्हती. रोझेन तरीही लिहीत राहिले. मिशनरी जॉन मॅगी यांनी रुग्णालयातल्या जखमींचं चित्रीकरण केलं होतं. १० फेब्रुवारीला रोझेन यांनी त्या फिल्मबद्दल बर्लिनला लिहिलं आणि ती खुद्द हिटलरला दाखवावी अशी विनंती केली. काही उपयोग झाला नाही. राबे जर्मनीला परतल्यावर त्यांनी १९३८च्या जूनमध्ये हिटलरला अहवाल पाठवला, तर गेस्टापोने त्यांनाच उचललं आणि या विषयावर तोंड बंद ठेवायला सांगून सोडलं. रोझेन यांच्या घराण्यात ज्यू पूर्वज होते, त्यामुळे त्यांनाही त्याच वर्षी नोकरी सोडावी लागली.

ताब्यातल्या शहरात दिवस कसा जायचा?

हत्याकांडाबद्दल बोलताना आपण पहिल्या सहा आठवड्यांवर थांबतो. पण लोकांना त्यानंतरही त्याच शहरात जगायचं होतं, आणि त्या जगण्याचे तपशील या कागदांत ठिकठिकाणी सापडतात. आम्हाला विचाराल तर हाच भाग सगळ्यात मोलाचा आहे.

पहिली गोष्ट, ओळखपत्र. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जपानी सैन्याने सगळ्यांची नोंदणी सुरू केली. रांगेत उभं राहायचं, तपासून घ्यायचं, मग एक कागद मिळायचा. तो खिशात नसेल तर रस्त्यावर फिरणं धोक्याचं. विद्यापीठाच्या आवारात झालेल्या नोंदणीत पुरुषांना सांगितलं गेलं: तुम्ही पूर्वी सैनिक असाल तर आत्ताच पुढे या, जीव वाचेल, काम मिळेल. दोनशे-तीनशे जण पुढे आले. त्यातल्या बहुतेकांना नेऊन मारण्यात आलं. मायनर सर्ल बेट्स या इतिहासाच्या प्राध्यापकांनी हे लिहून ठेवलंय, वाचलेल्या मोजक्या माणसांनी सांगितलं त्यावरून.

दुसरी गोष्ट, तांदूळ आणि कोळसा. समितीची जानेवारीतली पत्रं वाचलीत तर वाटेल ही रेशन दुकानाची वही आहे. इतक्या पोत्यांची गरज, इतकी मिळाली, ट्रक कोणाचा, ड्रायव्हरला पास कोण देणार. सैन्याच्या ताब्यात धान्यसाठे होते आणि ते सोडवून घ्यायला रोज हात जोडावे लागत. नुसत्या भातावर लोक जगत असल्याने बेरीबेरीची भीती होती, म्हणून शांघायहून घेवड्यासारख्या कडधान्याची खेप आणण्यासाठी समितीने आटापिटा केला. कोण किती सुरक्षित आहे ते पोटात काय जातंय यावरूनही मोजता येतं, हे या माणसांना पक्कं कळलेलं दिसतं.

तिसरी गोष्ट, नवं सरकार. १ जानेवारी १९३८ला जपान्यांनी स्थानिक लोकांची एक ‘स्वशासन समिती’ उभी केली. तिच्यात दानधर्म करणाऱ्या संस्थेतले लोक होते, काही संधिसाधू होते, काही नाइलाजाने आलेले होते. मार्चच्या अखेरीस त्याजागी ‘सुधारित सरकार’ आलं आणि १९४० साली वांग जिंगवेईंचं. सुरक्षा विभागातल्या लोकांना ४ फेब्रुवारीपर्यंत आपापल्या घरी परता, असा हुकूम निघाला. घरी म्हणजे कुठे? अनेकांची घरं जळालेली, आणि उरलेल्या घरांभोवती सैनिक. स्त्रिया परत जायच्या आणि पुन्हा पळून छावणीत यायच्या. समितीची त्या आठवड्यातली प्रकरणं अशा परतलेल्या स्त्रियांचीच आहेत.

चौथी गोष्ट, अफू. १९३८च्या उत्तरार्धात बेट्स यांनी शहरातल्या अफू आणि हेरॉइनच्या विक्रीची पाहणी केली. युद्धाआधी चोरून चालणारा धंदा आता परवाना घेऊन उघड्यावर चालत होता आणि नव्या सरकारच्या तिजोरीत त्याचा पैसा येत होता. गोळी न झाडताही लोकांचं नुकसान कसं होतं, ते या अहवालात दिसतं.

आणि स्माइथ यांनी १९३८च्या वसंतात काय केलं असेल? सर्वेक्षण! विद्यार्थ्यांना घेऊन शहरातल्या वस्ती असलेल्या दर पन्नासाव्या घरी जाऊन त्यांनी माहिती गोळा केली: कोण मेलं, कोणाला नेलं, काय जळालं. आसपासच्या खेड्यांत बैल किती गेले, बियाणं उरलं का, नांगर आहेत का, हेही विचारलं. शेतकऱ्याचा बैल गेला म्हणजे पुढच्या हंगामाचं काय होतं, हे आपल्याकडच्या कोणाला समजावून सांगायला नको.

कोणाला माहीत होतं, आणि माहीत असून काय केलं?

१९४५च्या ऑगस्टमध्ये शरणागतीच्या वेळी जपानी सरकारी खात्यांनी आपल्या फायलींचे ढीग जाळले. त्यामुळे बाहेरच्या देशांच्या फायलींना, मिशनरींच्या पेट्यांना आणि पकडलेल्या तारांना इतकी किंमत आली.

टोकियोच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात हिरोतांवर जो आरोप सिद्ध झाला, त्यातला एक नेमका हाच होता: तुम्हाला अहवाल मिळत होते. तुम्ही युद्धमंत्र्यांना विचारलंत, त्यांनी थांबवतो म्हटलं, आणि अत्याचार चालूच असताना तुम्ही त्या आश्वासनावर समाधान मानलंत, मंत्रिमंडळात विषय लावून धरला नाहीत. २३ डिसेंबर १९४८ला त्यांना फाशी झाली. फाशी झालेल्या सात जणांत ते एकटे मुलकी होते. डच न्यायाधीश रोलिंग यांना हे पटलं नव्हतं, त्यांच्या मते हिरोता निर्दोष सुटायला हवे होते. आपले न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी तर सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवलं. पण पालांच्या निकालाचा हवाला देऊन कोणी ‘नानजिंगमध्ये काही झालंच नाही’ म्हणत असेल तर त्याने तो निकाल वाचलेला नाही. साक्षींत काही अतिशयोक्ती धरली तरी अत्याचार झाले याचा पुरावा भक्कम आहे, असं पालांनी स्वच्छ म्हटलंय. त्यांचा आक्षेप जबाबदारी कोणावर, याबद्दल होता.

मराठी माणसाचा या युद्धाशी खराखुरा धागा आहे तोही सांगून टाकतो. १९३८च्या सप्टेंबरमध्ये काँग्रेसने पाठवलेलं वैद्यकीय पथक मुंबईहून चीनला निघालं, त्यातल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. ते नानजिंगला गेले नाहीत, तिथे तर जपानचा ताबा होता. पण चीनमध्ये काय चाललंय हे भारतात पोचलं होतं आणि पारतंत्र्यातल्या देशाने त्यावर काहीतरी केलं, एवढं यातून कळतं. कोटणीस उत्तर चीनमध्ये काम करता करता १९४२ साली, बत्तिसाव्या वर्षी गेले.

आकड्यांचा घोळ, आणि तो का सोडवायचा

आता सुरुवातीच्या तारेकडे येऊ. नानजिंगमध्ये किती माणसं मारली गेली? चीनमधल्या खटल्याने तीन लाखांहून जास्त म्हटलं. टोकियोच्या न्यायालयाने दोन लाखांहून जास्त. राबेंनी हिटलरला पन्नास-साठ हजार असा अंदाज कळवला. इतके वेगळे आकडे का? कारण प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली. नुसतं तटबंदीच्या आतलं शहर, की आसपासचे तालुकेही? फक्त नागरिक, की शरण आल्यावर मारलेले सैनिकही? किती आठवडे? राबेंना फक्त त्यांच्या नजरेच्या टप्प्यातलं दिसत होतं.

जपानमध्ये हत्याकांड नाकारणारा एक छोटा पण आवाजी गट आहे. त्यांची युक्ती ठरलेली: एखादा चुकीच्या पद्धतीने वापरलेला पुरावा शोधायचा, तो खोडायचा, आणि मग म्हणायचं, बघा, सगळंच रचलेलं आहे. ‘हिरोतांची कबुली’ म्हणून ती तार पुढे पाठवणारा माणूस चांगल्या हेतूने पाठवतो, पण नाकारणाऱ्याच्या हातात आयतं कोलीत देतो. टिम्परलीची तार टिम्परलीची म्हणून मांडली तर ती कोणाला खोडता येत नाही.

तेव्हा कुठल्याही देशाच्या, कुठल्याही ताब्याच्या काळातला असा कागद हातात आला तर एवढं विचारा. यातला ‘मी’ कोण आहे? त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं? तो कोणासाठी लिहितोय आणि त्याला काय हवंय? तो कोणाबद्दल लिहीत नाहीये, कारण ते त्याच्या कामात बसत नाही? आणि कागद इतकी वर्षं कोणाच्या कपाटात होता? काश्मीर असो, युक्रेन असो, गाझा असो, की तुमच्या आजोबांच्या पिढीतली एखादी फाळणीची हकिकत असो, हे प्रश्न सगळीकडे चालतात.

आणि तुम्ही जिथे राहता तिथून हे कागद बघणं फार सोपं आहे. मेरिलंडच्या कॉलेज पार्कमध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, लंडनजवळ क्यूमध्ये ब्रिटनचं. नानजिंगच्या मिशनरींचे कागद येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र ग्रंथालयाने जपले आहेत आणि त्यातलं बरंच काही घरबसल्या वाचता येतं. अमेरिकन परराष्ट्र खात्याचे १९३७-३८चे तारांचे खंडही ऑनलाइन फुकट आहेत. अभिलेखागारात जायला पीएचडी लागत नाही, ओळखपत्र दाखवून वाचकाचं कार्ड काढलं की झालं.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर सुरक्षा समितीची जानेवारी १९३८ची पत्रं घ्या. कुठलंही एक प्रकरण निवडा, जिथे बाईचं नाव नाही असं. जागा नकाशावर शोधा. त्याच तारखेला राबेंच्या डायरीत काय आहे, मिनी वॉट्रिन या गिनलिंग महिला महाविद्यालयात हजारो स्त्रियांना आसरा देणाऱ्या बाईंच्या डायरीत काय आहे, ते लावून बघा. कधी कधी तीच बाई दुसऱ्या कागदात पुन्हा भेटते, थोडी जास्त ओळखीची होऊन. सापडलं तर आम्हाला जरूर लिहा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू.